बोगादीच्या घराचा नंबर

आमचे हे, गंगाधरराव, चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. साहेब नव्हे, खांबावर चढणारे. म्हैसूरच्या कितीतरी घरांत ह्यांनी स्वतःच्या हातानं लाईन ओढून दिली, आणि त्यातल्या एकालाही ह्यांचं नाव ठाऊक नसेल. ह्यांना त्याचं काही नव्हतं. मलाच राग यायचा. मला राग लवकर येतो. एकतीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलं की कोणाचंही तसंच होईल.

ह्यांच्या घराण्यात सगळे रंगारी. आजोबा कापड रंगवायचे, वडील लाकडी ठशांनी छापायचे. खांबावर चढणारे हे पहिलेच. घरात आम्ही मराठी बोलतो, म्हणजे निम्मी कन्नडच. पुण्याकडचे पाहुणे ऐकून हसतात. हसू देत. सात पिढ्या इथं काढून एवढी राहिली, हे काय कमी आहे?

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर आजारी पडतात. ह्यांनी कॅमेरा आणला. मूलबाळ आम्हाला नाही (त्याचं रडून झालंय, आता त्याबद्दल कोणी विचारू नये), आणि माझी थोरली बहीण नंजनगूडला अंथरुणाला खिळलेली, म्हणून आठवड्यातले दोन दिवस मी तिकडं. हे बोगादीला एकटे. म्हणाले, "तुला तिथं बसून घर दिसायला हवं." मी म्हटलं, घरात बघण्यासारखं आहे काय? तर म्हणे, "मी आहे की."

कॅमेरा हॉलमध्ये भिंतीवर, आणि त्याचं सगळं साठवणारी एक काळी पेटी टीव्हीच्या कपाटात. दुकानदार सांगत होता की कंपनीकडं नाव घाला, मग जगात कुठूनही चित्र आपोआप दिसतं. ह्यांना ते पटलं नाही. "आपलं घर दुसऱ्याच्या घरात नेऊन का ठेवायचं?" मग ह्यांनी स्वतःच जोडणी केली. आमच्या इंटरनेटला बाहेरून एक नंबर असतो, आकड्यांचे चार गट, मध्ये टिंबं. तो नंबर माझ्या फोनमध्ये घातला, पासवर्ड दिला, की हॉल दिसतो. पासवर्ड म्हणजे आमच्या पहिल्या लँडलाईनचा नंबर, तो मला झोपेतही येतो. पण बाहेरचा नंबर काही स्थिर नव्हता. करंट जाऊन आला की राऊटर पुन्हा चालू होई आणि कंपनी नवा नंबर देई. कायमचा नंबरही मिळतो म्हणे, अर्ज करावा लागतो. हे म्हणाले, "कशाला? मी आहे की सांगायला."

आणि सांगायचे. करंट आला की पहिलं काम ते. फोनमध्ये नंबर बघायचा, कालचं कॅलेंडरचं पान फाडायचं, त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि मला फोन. "लिहून घे. एकशे सतरा, टिंब." मी बहिणीला भरवत असो, न्हाऊ घालत असो, लिहून घ्यायचं. मग मी नंबर घालून बघायची, हॉलमध्ये हे उभे, कॅमेऱ्याकडं बघून हात वर करायचे. झालं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप. मी कितीदा चिडले असेन त्याला हिशेब नाही.

माघ लागला त्याच्या आदल्या दिवशी मी नंजनगूडला गेले. जाताना बजावलं, "उद्या सकाळी सकाळी तुमचे आकडे नकोत. अक्काची रात्रीची झोप नसते, पहाटे कुठं तिचा डोळा लागतो." हे म्हणाले, "आयतु." म्हणजे बरं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच बावन्नला फोन. मी बघितलं, ह्यांचं नाव दिसलं, आणि कापला. झोपेत नाही, चुकून नाही. बघून कापला.

नंतर आठ वाजता मीच केला तर उचलला नाही. वाटलं, दूध आणायला गेले असतील, नाहीतर रुसले असतील. नऊची बस धरली. अकराला घरी पोचले. हे वेताच्या खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय, सहा ते सातच्या मध्ये कधीतरी. मी विचारलं, म्हणजे पाच बावन्नला काय? डॉक्टरला प्रश्नच कळला नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि आठवतं त्याचं काही वाटत नाही. भटजींनी पंचांग बघितलं. धनिष्ठा नक्षत्र. या नक्षत्रावर माणूस गेलं की घर सहा महिने सोडायचं, आत कोणी पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडं हे कडक पाळतात. फ्रिज रिकामा केला, केराची बादली रिकामी केली, देव उचलले. घर अगदीच अंधारात ठेवू नये म्हणून हॉलमधला झिरोचा बल्ब लावून ठेवला, तेवढ्यासाठी मेन स्विच चालू राहिला. दाराला कुलूप आणि कडीत बोरीची काटेरी फांदी. मी गोकुलमला माझ्या भावाकडं आले.

भाऊ वेंकटेश, त्याची बायको अन्नपूर्णा, आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली त्यांची मुलगी हरिणी. हरिणी कॉम्प्युटरवाली, घरूनच काम करते, पाचवा महिना. मला वरची खोली दिली. खिडकीतून खाली बघितलं की गोरी माणसं काखेत चटई घेऊन योगाला जाताना दिसत. मी बघत बसायची. जेवायला हाक आली की जेवायची. लोक येऊन म्हणत, रडा हो, मोकळं व्हाल. रडू आलं तर रडेन ना? आलंच नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती: तो फोन नंबरासाठी होता, की छातीत दुखतंय म्हणून होता?

एवढंच मला हवं होतं. नंबरासाठी असेल तर मी एक चिडकी बायको. मदतीसाठी असेल तर मी कोण, ते मला बोलवत नाही.

चोविसाव्या दिवशी भात कालवताना ह्यांचं वाक्य आठवलं. पेटी आणली तेव्हा म्हणाले होते, "हिची आठवण तीस दिवसांची. एकतिसाव्या दिवशी पहिला दिवस पुसून त्यावर नवा लिहिते." मी घास तसाच ठेवला. बोगादीच्या बंद घरात, झिरोच्या बल्बखाली, ती पेटी चालू होती. रिकामी खुर्ची टिपत होती आणि आणखी सहा दिवसांनी ती पहाट पुसणार होती.

हरिणीला सगळं सांगितलं. कापलेल्या फोनचंही. ती लॅपटॉप घेऊन बसली. माझ्या वहीतला शेवटचा नंबर घालून बघितला. कोणा दुसऱ्याच्याच घरचं पान उघडलं, तिनं झटकन बंद केलं. "आत्या, हा नंबर आता दुसऱ्याला गेला. त्या पहाटे करंट गेला असेल तर तेव्हाच बदलला. त्यानंतरही किती वेळा बदलला असेल, कोण जाणे."

इंटरनेट कंपनीला फोन लावला. गोड आवाजाची मुलगी म्हणाली, ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांना बोलायला सांगा. मी म्हटलं, ते गेले. तर म्हणाली, "कधीपर्यंत येतील, मॅडम?" हरिणीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. मग कळलं की मृत्यूचा दाखला द्या, नाव बदला, दहा दिवस लागतील. दहा दिवस नव्हतेच आमच्याकडं.

"मग दार उघडू या की," हरिणी म्हणाली. "पाच मिनिटांचं काम. मी नाही मानत नक्षत्र-बिक्षत्र."

अन्नपूर्णावहिनी दारातच उभी होती. तिनं नुसतं हरिणीच्या पोटाकडं बघितलं. असं सोडलेलं घर मुदतीआधी उघडलं की त्याचा फटका घरातल्या येणाऱ्या जिवाला बसतो म्हणतात. मीही नाही मानत. पण उद्या काही झालं असतं, तर ती नजर मला जन्मभर पुरली असती. दार उघडायचं नाही, हे मीच सांगितलं.

तीन दिवस तसेच गेले. मी खिडकीत बसून होते. चटईवाले जात-येत होते. आणि मग मला ह्यांची खूण आठवली.

खात्यात असताना हे नेहमी म्हणायचे, लाईन जिवंत आहे का हे बघायला घरात शिरावं लागत नाही, बाहेरूनच कळतं. वायफाय घेतलं तेव्हा फोन हातात धरून हे घराभोवती फिरले. कुठपर्यंत पोचतं ते बघायला रस्त्यावर गेले, शेजारच्या तिरुमलरावांच्या फाटकापर्यंत गेले. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर, शेवग्याच्या झाडाशी, वीतभर उंचीची लाल रेघ ओढली. ऑईलपेंटनं! रंगाऱ्याच्या घरचे ना, खडूनं कशी ओढतील? तिरुमलराव महिनाभर बोलत नव्हते. मीच उपमा नेऊन देऊन समजूत घातली होती. हे मात्र वर म्हणाले, "पण आता कळलं ना, आपलं घर कुठपर्यंत आहे ते."

हरिणीला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अय्यो आत्या! आधी का नाही बोललीस? तुझ्या फोननं घरचं वायफाय पकडलं की झालं. बाहेरचा नंबर काय आहे ते दाखवणारी पानं असतात. आत जायलाच नको."

आधी का नाही बोलले. मला काय ठाऊक, माझ्याजवळ काय आहे ते?

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरकडं तपासणीला जातो असं वहिनीला सांगून आम्ही निघालो. खोटं बोलायचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हरिणीनं गाडी आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं लावली. बोरीची फांदी वाळून तांबूस झाली होती. दारासमोर रांगोळी नाही, पायरीवर धूळ. तिकडं फार न बघता मी तिरुमलरावांच्या भिंतीशी गेले. लाल रेघ जशीच्या तशी होती.

फोन धरून उभी राहिले. काही नाही. अर्धं पाऊल पुढं झाले, रेघेला खांदा लावला, आणि फोन आपसूक जोडला गेला. वर घराचं नाव आलं. ह्यांनीच ठेवलेलं नाव, "रत्ना". वायफायला बायकोचं नाव ठेवलं म्हणून मी केव्हातरी तोंडसुख घेतलं होतं.

हरिणीनं माझ्या हातातच पान उघडलं. चार गट, तीन टिंबं. मी पिशवीतून पेन काढलं आणि बसच्या जुन्या तिकिटावर लिहून घेतलं. मग तिनं तिथूनच चित्र उघडून बघितलं, पण नुसतंच गोल फिरत राहिलं. रेंज एक काडी, तीही जात-येत. "नंबर मिळालाय, आता कुठूनही दिसेल," ती म्हणाली. "घरी जाऊन बघू."

तेवढ्यात तिरुमलराव फाटकात आले. "बन्नी टीचर, ओळगे बन्नी," म्हणाले. आत बोलावत होते. मी नको म्हटलं. तर सांगायला लागले की बरं झालं सकाळीच आलात, आज बारा ते दोन लाईनचं काम आहे, करंट जाणार. हरिणीनं घड्याळ बघितलं. पावणेबारा झाले होते.

"आत्या, घरी जाईपर्यंत हा नंबर मरेल. गाडीतच बघू."

गाडीत बसलो. समोर आमचं दार. हरिणीनं तिच्या फोनमध्ये, तिच्याच नेटवर, नंबर घातला, मी पासवर्ड सांगितला, आणि हॉल उघडला. झिरोचा बल्ब. रिकामी खुर्ची. तारीख मागं नेली. "तू बघू नकोस, मी बघून सांगते," ती म्हणाली. मी म्हटलं, गप बस आणि लाव.

पाच चव्वेचाळीसला चित्र सुरू होतं. म्हणजे करंट तेव्हाच आला. दोन मिनिटांनी हे आले, अंगावर माझी जुनी शाल. आवाज नाही त्या कॅमेऱ्याला. ह्यांनी आधी राऊटरचे दिवे बघितले, मग फोन डोळ्यांजवळ धरला. कॅलेंडरचं पान फाडलं. टेबलावर वाकून सावकाश लिहिलं. छातीला हात नाही. चेहरा नेहमीचा. मग फोन कानाला. मग कानापासून दूर, त्याच्याकडं बघितलं. मी कापला तो क्षण तो. वाटलं, आता चेहरा पडेल. ह्यांनी नुसती मान हलवली, मी आकडे नकोत म्हटलं होतं ते आठवल्यासारखी, आणि हसले.

मग कॅमेऱ्यासमोर येऊन दोन्ही हातांनी ते पान वर धरलं. नंबर माझ्यासमोर. बराच वेळ धरून उभे. जो नंबर असल्याशिवाय मला दिसणारच नाही, तो नंबर मला दाखवत होते. चौतीस वर्षं लाईनीत घालवलेला माणूस! हरिणीला हसू आलं आणि ते मध्येच थांबलं. मला माझ्या वर्गातली मुलं आठवली, वही वर धरून उभी राहणारी.

नंतर हे खुर्चीत बसले. फोन बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर सारला, पान मांडीवर. डोळे मिटले. हरिणीनं चित्र पुढं पळवलं. सहा सतराला पान मांडीवरून खाली पडलं. ह्यांना जमिनीवर दोरा पडलेला चालत नसे. ह्यांनी ते उचललं नाही.

"आत्या," हरिणी म्हणाली, "बघितलंस ना? मदतीसाठी नव्हता गं फोन. नंबरच सांगत होते."

"हो," मी म्हटलं. "नंबरच सांगत होते."

"मग आता मनातून काढ."

मी तिला म्हटलं, अकरापर्यंत ने. का म्हटलं, ठाऊक नाही. अकरा आठला दार उघडलं आणि मी आत आले. हातात पिशवी, चेहऱ्यावर राग. ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. जमिनीवरचं पान दिसलं, तोंड चालू झालं माझं. आवाज नसला तरी शब्द कळत होते: घरात नसले की एक वस्तू जागेवर नाही. वाकून पान उचललं, चुरगाळलं आणि ते घेऊन स्वयंपाकघरात गेले. हे मला आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही. ते पान केराच्या बादलीत गेलं असणार, आणि बादली आम्ही घर सोडताना रिकामी केली.

आता चित्रात हे एकटे. आत मी कॉफी टाकत असणार, बोलतही असणार, कारण मी गप्प कॉफी करत नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. चार.

आणि चित्र थांबलं. शेजारच्या घरातला मिक्सर बंद पडला. करंट गेला होता.

"अरे देवा, उतरवून घ्यायचं राहिलं," हरिणी म्हणाली. "आता नंबर बदलणार. जाऊ दे आत्या. कळायचं ते कळलं ना? नंबरासाठीच होता फोन."

ती पोर खरंच सुटल्यासारखी बोलत होती, म्हणून तिला मी पुढचं सांगितलं नाही. फोन घेतला असता तर मी नंबर लिहून घेतला असता. शिव्या देत का होईना, घालून बघितला असता. दर वेळी बघायचीच. हे हात वर करायचे थांबून खुर्चीत बसताना मला दिसले असते. पान पडताना दिसलं असतं. ते उचललं नाही हे दिसलं असतं, आणि उचललं नाही म्हणजे काय, ते माझ्याइतकं या जगात कोणाला कळलं असतं? तिरुमलराव भिंतीपलीकडं होते. सहा सतराला.

"चल, निघू या," हरिणी म्हणाली.

मी तिला म्हटलं, तू गाडीत बस, पाय वर घेऊन बस, ऊन लागू देऊ नकोस. तिकिटावरचा नंबर खोडला आणि त्याच्याखाली जागा आहे का ते बघितलं. होती. पेन घेतलं, फोन घेतला, आणि रस्ता ओलांडून लाल रेघेपाशी जाऊन उभी राहिले. करंट यायला दोन तास होते.